ब्लॉगवाल्याची कणीक

परतूरच्या स्टेशनातून गाडी सुटली की तिच्या कितव्या डब्याचं बेअरिंग कुरकुरतंय, हे मी दुकानात बसल्या जागी सांगतो. सातव्याचं म्हणालो की सातव्याचंच. आता ते तपासून बघायला गाडी कधी थांबली नाही, ह्यात माझा काय दोष? जळालेल्या पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून देण्याचा माझा धंदा. गिऱ्हाइकानं विहिरीवरची मोटार टेम्पोतून खाली उतरवायच्या आत मी तिच्या नुसत्या खडखडाटावरून रोग ओळखतो. असा तयार कान जिल्ह्यात दुसरा नाही असं माझं मत होतं, आणि माझ्या मताशी मी कायम सहमत असतो.

ह्या कानाचं करायचं काय, हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला. लोक अशा वेळी गाणं शिकतात. मी ब्लॉग काढला.

ठरवलं असं की वर्षभर, दर आठवड्याला, आपल्या भागातल्या एकेका गाण्या-वाजवण्यावर लिहायचं. ब्लॉग उभा करायला कुणाची मदत घेतली नाही, आणि ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तयार साच्यांतून एक निवडायचा होता. मी चष्मा न लावता निवडला. तो निघाला केक-बिस्किटांच्या पाककृतींसाठी बनवलेला. त्यामुळे माझ्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर स्ट्रॉबेरी खोवलेला एक केक, आणि लेखाखाली आपोआप येणारा चौकोन: साहित्य, कृती, किती जणांना पुरेल. तो केक काढायची मी पुष्कळ खटपट केली. एकदा तर तो गेला, आणि त्याच्या जागी दोन आले. मंग मी नाद सोडला.

हलगीवरच्या माझ्या पहिल्या लेखाखाली कुणीतरी लिहिलं, "खूप छान. अंड्याशिवाय होईल का?" मी उत्तर दिलं, "होईल." नव्या धंद्यात गिऱ्हाईक तोडून चालत नाही.

वाचक किती, असं कुणी विचारलं की मी "मोजायचं सोडून दिलं" म्हणायचो. ते खरंच होतं. मोजायला एक हात पुरत असेल तर माणूस किती दिवस मोजणार. एक वाचक मात्र रोज न चुकता परदेशातून यायचा. त्याच्यासाठी मी महिनाभर ‘संबळ’, ‘तुणतुणं’ असल्या शब्दांचे अर्थ खाली देत होतो. पुढं कळलं की तो माणूस नव्हता, इंटरनेटवरची पानं आपोआप चाळत फिरणारं यंत्र होतं. पण वाचायचं मन लावून, हे कबूल केलं पाहिजे.

मी मात्र मागं हटलो नाही. मंठ्याच्या एका बँडपथकाच्या मागं मी सहा किलोमीटर चालत गेलो, लेखात ते चौदा झाले. केदारखेड्याच्या एका लग्नात डीजेच्या दणक्यानं माझ्या ताटातला भात आपोआप वरणात जाऊन कालवला गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तसंच लिहिलं. जयंतीच्या आधी आमच्या गावच्या बौद्धवाड्यातल्या गायनपार्टीची तालीम ऐकायला गेलो. तिथल्या ढोलकीवाल्या काकांनी माझी कीर्ती ऐकलेली, ती अर्थात माझ्याच तोंडून. त्यांनी माझ्या हातात झांज दिली. एका कडव्यानंतर ती परत मागून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही लिहाच." मी लेखात लिहिलं, ‘जाणत्यांनी मला लेखनासाठी मोकळं केलं.’

अशा थाटात वर्ष चाललं होतं, आणि मी आमच्याच मारुतीच्या देवळातल्या गुरुवारच्या भजनाकडं वळलो.

परतूरपासून आमचं गाव मोटारसायकलवर वीस मिनिटं, मी चालवत असलो तर नऊ. दर गुरुवारी दिवेलागणीला देवळात भजन असतं. पेटीवर आणि पुढच्या आवाजाला गुरुजी. हे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेत, पण अभंग म्हणताना अजून हजेरी घेतल्यासारखे एकेकाकडं बघतात. पखवाजावर मामा. हे माझे सख्खे नव्हेत, अख्ख्या गावाचे मामा. सत्तरीच्या पुढचे, अजून वावरात स्वतः राबतात. माझ्या बारशालाही त्यांनीच वाजवला होता, आणि म्हणे मी तालावर रडलो. हे म्हणणारा मीच.

पखवाजाचं एक आहे. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. गव्हाचं पीठ, पाणी, बस. ती कमी-जास्त करून बोटानं दाबत-दाबत आवाज खाली उतरवायचा, मंग पोटातून यावा तसा ‘धुम्म’ निघतो. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची आणि देवळामागच्या गाईला चारायची. मामा ती कणीक कायम स्वतः मळायचे. पिठाचा त्यांचा एक डबाच होता, त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

त्या गुरुवारी कापसाची वेचणी चालू होती. मामांचा फोन आला, "मी वावरातून आत्ता निघून राह्यलो. डबा इकडंच आणल्ता, त्यातलं पीठ सरलं. तेवढी मूठभर कणीक मळून ठेव."

मी जन्मात कणीक मळली नव्हती. पण वर्षभर संगीतावर लिहिणाऱ्या माणसाला पिठाची काय भीती? घरी गेलो. बायको दुधाला गेल्ती. ओट्यावर परात झाकून ठेवलेली, आत कणीक तयार, गोल, मऊ, चकचकीत. म्हटलं, योगच आहे. दोन पोळ्यांची कणीक चिमटून घेतली आणि देऊळ गाठलं.

मामा हापशावर हात-पाय धुऊन घाईघाईनं आले. गुरुजींचा पहिला अभंग सुरू झालेला.

"मामा, आज मी लावतो. ब्लॉगला फोटो पाहिजे," मी म्हणालो.

"लाव बाबा. जल्दी लाव."

मी लावली. कणीक लावतानाचे चार फोटो काढून घेतले, त्यातल्या दोनांत पखवाजही आला.

आणि मामांनी थाप मारली. धुम्म निघालाच नाही. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा फद्द आवाज. मामांनी अंगठ्यानं कणीक दाबली, ती सरकली. पुन्हा बसवली, पुन्हा सरकली. तळहात धोतराला पुसला, मनगट झटकलं, पुन्हा मारली. फद्द. गुरुजींनी एकदा मान वळवून बघितलं. मामांनी खाली मान घालून कसंबसं भजन पार पाडलं. शेवटी मी कणीक खरवडून गाईला नेली. तिनं ती अशी मिटक्या मारत खाल्ली की वर माझा हात मनगटापर्यंत चाटून काढला. मी ते वहीत टिपून घेतलं: ‘भजनाचा मुक्या जनावरावर होणारा परिणाम’.

त्या लेखात मी मामांना सात परिच्छेद डोक्यावर घेतलं. आठव्यात मला खोल जावंसं वाटलं. लिहिलं: ‘वार्धक्य कुणाला चुकले आहे? मामांचा डावा हात आता थकला आहे. त्या धुम्ममधला दम गेला आहे.’ ही तीन वाक्यं लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचं लिहिलेलं वाचून मला नेहमीच येतं.

इतका चांगला लेख त्या यंत्रानं एकट्यानं वाचावा, हे मनाला पटेना. मी लेख कागदावर छापून घेतला, स्ट्रॉबेरीच्या केकासकट, आणि देवळाच्या फळ्यावर लावला. एका बाजूला शेळ्यांच्या लसीकरणाची सूचना, दुसऱ्या बाजूला सप्ताहाच्या वर्गणीची. मध्ये मी.

पुढच्या गुरुवारी मामा आले, फळ्यापाशी थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचलं. मी खांबाआड उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो. मामा आत गेले, खुंटीवरचे टाळ घेतले आणि मागच्या रांगेत बसले.

"मामा, पखवाज?" गुरुजी म्हणाले.

"न्हाई गुरुजी. आता टाळच बरा. लिहून आलंय ना तिथं."

"त्याचं काय घेऊन बसलात. तो रेल्वेचे डबे ऐकतो."

"खोटं कशाला लिहील तो? कान तयार आहे त्याचा."

मामा टोमणा मारत नव्हते. तीच तर पंचाईत होती. वर्षभर माझं मत खरं मानणारा मला एकच माणूस भेटला, आणि त्यानं वाद्य खाली ठेवलं.

गुरुजींनी मला बाहेर घेतलं. "महिन्यावर सप्ताह आलाय. ह्यो माणूस एकदा बसला की पुन्हा उठायचा न्हाई, सांगून ठेवतो. मी चाळीस वर्षं त्याच्या हातावर गायलोय. तू लावलंस, तूच काढ."

मी आधी गुपचूप ब्लॉगवरून ती तीन वाक्यं खोडली. काहीच फरक पडला नाही, कारण तिथं ती कुणी वाचलीच नव्हती. मंग माझ्या सुपीक डोक्यातून दुसरी युक्ती निघाली. पुढच्या गुरुवारी मी मोबाइलमध्ये तालाचं ॲप घेऊन, सोबत दुकानातला ब्लूटूथ स्पीकरचा मोठा डबा घेऊन देवळात हजर झालो. म्हटलं, मामा तयार होईपर्यंत अडायला नको.

ॲप थकत नाही, ही त्याची पहिली खोड. दुसरी अशी की ते थांबत नाही. गुरुजींना शेवटच्या अक्षरावर रेंगाळायची सवय; मामा त्यांच्या श्वासाकडं बघून ठेका धरून ठेवायचे. यंत्र कशाला कुणाचा श्वास बघतं? गुरुजी अजून ‘विठ्ठलाऽऽ’ मध्येच, आणि ते पुढच्या समेवर जाऊन परत आलेलं. टाळकरी निम्मे गुरुजींबरोबर, निम्मे डब्याबरोबर. तेवढ्यात ताल बंद झाला आणि डब्यातून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज आला, "हॅलो, आमची मोटार भरली का हो? तीन रोज झाले, कधी म्हनता उद्या, कधी म्हनता परवा." माझं गिऱ्हाईक होतं. मोबाइल सापडेपर्यंत त्यानं माझ्याबद्दल आणखी दोन-तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या.

गुरुजींनी पेटीचा भाता मिटला. मागच्या रांगेत मामांनी टाळ खुंटीला लावले आणि निघून गेले. हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर मला झोप लागली असती.

घरी मी जेवताना गप्प होतो. असं वर्षातून एकदा होतं, म्हणून बायकोनं विचारलं, "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तिनं माझा ब्लॉग कधी वाचला नव्हता. सारखं ऐकावं लागतं तेवढं बस आहे, असं तिचं म्हणणं. पण कणकेशी आल्यावर तिनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली.

"कोणती कणीक?"

"परातीतली. तू झाकून ठेवल्ती ती."

"तरीच त्या दिवशी दोन पोळ्या कमी पडल्या. अहो, त्यात तेल होतं. मीठ होतं. मी नेहमीच घालते."

"पोळ्यांत मीठ असतं?"

"वीस वर्षं झाली खाताय," ती म्हणाली. "आणि तुम्ही लोकायच्या हातातला दम सांगता."

तव्यावरची पोळी जळाली. ती मला मिळाली, आणि मी ती खाल्ली. मीठ होतं. तेलाची कणीक कातड्याला धरत नाही, मिठानं कातडं ओल धरतं, एवढं कळायला तयार कान लागत नाही. गाईलासुद्धा कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मामांकडं गेलो. मामा ओसरीवर बसलेले. खुंटीला पखवाज, त्याच्यावर खोळ चढवून गाठ मारलेली. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"बस. तुझ्यावर राग न्हाई माझा. एक सांगतो, कुणाला बोलू नको. ह्या डाव्या करंगळीला मुंग्या येऊन राह्यल्या, दिवाळीपासून. मी म्हणायचो, मलाच कळतंय, बाहेर न्हाई जात. तू लिहिलं तव्हा वाटलं, आता बाहेर बी ऐकू येऊन राह्यलं. मंग कशाला लोकायसमोर हसं करून घ्यायचं?"

मी येताना रस्त्यात एक झकास भाषण तयार केलं होतं. त्यात वाद्यांचा इतिहास होता, हवेतला ओलावा होता, माझी चूक अगदी शेवटी आणि बारीक अक्षरांत होती. ते सगळं बाजूला ठेवलं.

"मामा, हात न्हाई तुमचा. कणीक माझी होती. घरच्या पोळ्यांची. तेला-मिठाची."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मंग स्वतःच्या डाव्या तळहाताकडं. तो उलटा केला, सुलटा केला.

"मला वाटलं, घाम सुटलाय हाताला," ते हळूच म्हणाले. "म्हणून सरकून राह्यली." मंग विचारलं, "कितीक तेल होतं?"

"घरी विचारावं लागंल."

"विचार. आणि फळ्यावर लाव. जिथं पह्यलं लावलंस तिथंच, त्या केकाखाली. करंगळीचं लिहू नको."

"बिलकुल न्हाई."

त्या रात्री... नव्हे, खरंच सांगतो, भर दुपारी, घरी तेल-मीठ विचारून, बंद दुकानात बसून मी वर्षातला सगळ्यात लहान लेख लिहिला. ज्या चौकोनाला मी वर्षभर शिव्या घातल्या तो पहिल्यांदा कामी आला. साहित्य: गव्हाचं पीठ एक मूठ, पाणी लागेल तेवढं. मीठ: नाही. तेल: नाही. कृती: पखवाज वाजवणाऱ्याला मळू द्यावी, ब्लॉगवाल्याच्या घरची आणू नये, त्याच्या घरच्या कणकेत पळीभर तेल आणि चमचाभर मीठ असतं, आणि ते त्याला वीस वर्षं कळलेलं नाही. किती जणांना पुरेल: अख्ख्या गावाला. खाली लिहिलं, ‘मामांचा हात थकला आहे असे मी लिहिले ते चूक.’

हा लेख मात्र गावानं वाचला. फळ्यापाशी अशी गर्दी झाली की शेळ्यांना लस चुकून दोनदा मिळाली, असं म्हणतात. दुकानात येणारं गिऱ्हाईक मोटार ठेवताना विचारू लागलं, "हिला मीठ तर न्हाई लावणार?"

गुरुवारी गुरुजींनी सगळ्यांसमोर माझ्यापुढं परात ठेवली. "मळ. इथं. मला दिसंल अशी."

मी मळली. पाणी जास्त झालं, म्हणून पीठ घातलं. पीठ जास्त झालं, म्हणून पाणी. असं करता-करता परातीत एवढा डोंगर झाला की पलीकडं बसलेला टाळकरी मला दिसेना. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "पंगत आहे का आज?" आणि ते कुणीतरी माझ्याच घरचं होतं.

मामा मागच्या रांगेत बसलेले, घरून आणलेला पखवाज खोळीसकट शेजारी. ते उठले. डोंगराच्या कडेनं सुपारीएवढी गोळी तोडली, अंगठ्यात दाबून बघितली, जिभेला लावली. जिभेला लावल्यावर देऊळ हसलं. मामाही हसले. मंग त्यांनी खोळीची गाठ सोडली, कणीक बसवली, कडेनं दाबत नेली, हळूच एक थाप मारली, पुन्हा दाबली, आणि मोकळ्या हातानं मारली.

धुम्म.

माझ्या बरगड्यांत तो अजून आहे. देवळाची घंटा हलली, फळ्यावरचा माझा कागद एका टाचणीवर आला, परतूरला फलाटावर उभी असलेली गाडी निघायची ती थांबली. यातलं एखादं वाढवून सांगितलं असेल. धुम्म मात्र आहे तेवढाच सांगितला. गुरुजींनी डोळे मिटले आणि शेवटच्या अक्षरावर इतके रेंगाळले की वाटलं, आता पुढच्या गुरुवारीच परत येतात. मामा त्यांच्या श्वासाकडं बघत थांबले. मंग दोघं मिळून समेवर आले.

तिसऱ्या अभंगाच्या मध्यावर एका ठिकाणी डावा हात केसभर उशिरा पडला. मी मान खाली घातली. वही खिशातच राहू दिली.

भजन संपल्यावर मामांनी पखवाज माझ्या मांडीवर ठेवला, खरवडायला. आजूबाजूला कुणी नाही बघून विचारलं, "किती वेळा चुकला?"

"कुठं काय मामा."

"कान तयार आहे ना तुझा? सांग."

"एकदा," मी म्हणालो.

"दोनदा," मामा म्हणाले. "अर्धाच तयार आहे." त्यांनी करंगळी दुसऱ्या मुठीत धरून चोळली. "सप्ताह होईस्तोवर तरी वाजवतो. पुढचं पुढं. तुला लिहायचं तर आता ह्या करंगळीचं बी लिही, पण कणकेच्या खाली लिही. आणि जल्दी खरवड, गाय वाट बघून राह्यली."

ते आज लिहिलं. ब्लॉगचं वर्ष संपलं. केक तिथंच आहे. दर गुरुवारी देवळात मी परात घेऊन बसतो, मामांचा डबा आता माझ्याकडं असतो, आणि डोंगर टेकडीइतका कमी झालाय. एवढं काम मला झेपतं.

मामांनी घाई केली त्या दिवशी मी कणीक खरवडून गाईपुढं धरली. तिनं हुंगली, खाल्ली, आणि मान वळवून कडब्याकडं गेली. हात चाटला नाही.